शेवटच्या फेरीची घंटा

मित्रांनो, मी एक जुने क्रीडांगण आहे. पण जुने म्हणताना आज माझे मलाच हसू येते, कारण माझ्या पायऱ्यापायऱ्यांतून उत्साह नुसता उसळतो आहे!

फ्रान्समधल्या गारोन नदीकाठच्या एका शहरात मी राहतो. गवंड्यांनी मला लाल विटांनी बांधले. मधोमध रग्बीचे हिरवेगार मैदान, त्याभोवती धावण्याची वाट आणि सर्वांत बाहेर, ताटाच्या काठासारखा उचललेला, सायकलींच्या शर्यतीचा सिमेंटचा ट्रॅक. लढाईच्या दिवसांत खेळ थांबले. घरदार गमावलेली माणसे माझ्या पायऱ्यांखाली झोपत आणि गोलच्या खांबांना दोऱ्या बांधून आया बाळांचे कपडे वाळत घालत. तेही मी देवाचे काम म्हणूनच केले.

शांतता आली आणि मी पुन्हा गर्जू लागलो! हिवाळ्यात रविवारी चर्च सुटले की रग्बी, उन्हाळ्यात सायकली. शर्यतीची शेवटची फेरी आली की पितळी घंटा वाजायची आणि स्वार जिवाच्या आकांताने सुटायचे. घंटेशिवाय शेवटची फेरी नाही, शेवटच्या फेरीशिवाय निकाल नाही, हा माझ्याकडचा नियम.

घंटा वाजवायची सोलांज. तरुणपणी ती वाऱ्यासारखी सायकल चालवी, पण तेव्हा इथे बायकांना शर्यतीत घेत नसत. "मग घंटा तरी मीच वाजवणार," म्हणून ती दोरीपाशी उभी राहिली ती कायमचीच. रोज सकाळी प्रार्थना आटोपून ती माझ्या वळणावर पडलेल्या फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि पाने झाडायची. हा नेम म्हातारपणीही चुकला नाही.

पुढे शहराने नवे, चकचकीत क्रीडांगण बांधले. माझ्या सिमेंटला भेगा पडल्या, भेगांत गवत उगवले. एक दिवस महापौरांनी ठरवले, ट्रॅक फोडायचा आणि तिथे मोटारी उभ्या करायच्या. निरोपाची एक शर्यत होईल आणि ती संपताच फाटकाशी थांबलेली यंत्रे आत येतील.

त्या रविवारी पायऱ्या माणसांनी फुलून गेल्या. बँड वाजत होता, भाजलेल्या सॉसेजचा वास सुटला होता. शेवटची फेरी आली. सगळे डोळे सोलांजकडे. आणि तिने दोरी सोडून हात पाठीमागे बांधले!

"अहो बाई, घंटा!" निवेदक भोंग्यातून ओरडला.

"नाही वाजवत, जा."

"मग पोरं थांबणार कशी?"

"थांबायला सांगितलंय कोणी?"

स्वार फिरतच राहिले! एक दमला की दुसरा चढे. रग्बीचे आडदांड गडीही उसन्या सायकली घेऊन घुसले. "अरे बास्तियां, तू सायकलवर बसलायस की सायकल तुझ्यावर?" पायऱ्यांवरून कोणी ओरडले आणि एकच हशा पिकला. प्रदक्षिणा काही थांबेना. यंत्रे फाटकाशीच.

शेवटी महापौर धावत आले. "सोलांजबाई, पुरे आता. संपवा ही शर्यत."

"तू सायकल कुठं शिकलास रे?" सोलांजने हळूच विचारले.

महापौरांची नजर वळणाकडे गेली.

"याच वळणावर ना? गुडघे फोडून रडत कोणाकडे यायचास? चल, एक फेरी मार. मग खुशाल फोड."

"चढा! चढा!" सगळ्या पायऱ्या गरजल्या. कोट काढून महापौर सायकलवर बसले. वळणावर ते डगमगले; पण पडू नाही दिले मी त्यांना! फेरी मारून आले तेव्हा धापा टाकत ते लहान मुलासारखे हसत होते. त्यांनी भोंगा ओढून घेतला.

"मोटारी दुसरीकडे उभ्या करू! ट्रॅक राहील!"

टोप्या उडाल्या, बँड बेभान झाला, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या!

"आता तरी वाजवा," महापौर म्हणाले.

"आता तर मुळीच नाही," सोलांज म्हणाली.

म्हणून मित्रांनो, ती शर्यत अजून चालूच आहे. दर रविवारी कोणीतरी तिची पुढची फेरी मारते. भेगा बुजल्या आहेत, आणि सर्वांत पुढे मुली असतात! तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला हारतुरे नकोत. त्याच्या अंगावरच्या काचा वेचा, एक फेरी मारा. त्याच्या घंटेची दोरी तुमच्याच हाती आहे. ती ओढू नका.