नागरे सरांची हिरवी चिठ्ठी

अठ्ठावीस वर्षांत नागरे सरांनी कुणाला शाबास म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आमच्या मुलींची खो-खोची टीम तालुक्यात पहिली आली, पोरी धापा टाकत त्यांच्याभोवती जमल्या, तेव्हा सर म्हणाले होते, "आधी बुटाच्या नाड्या बांधा."

किसनराव नागरे हे आमचे पी.टी.चे मास्तर. बीबी गावाहून लोणारला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हायस्कूल आहे. मी तिथं मराठी शिकवतो आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. गळ्यात शिट्टी, खिशात लाल वही. वहीत कोण भिंतीवरून उडी मारून आला, कोणी बाकावर नाव कोरलं, सगळं तारखेनिशी. फारच झालं की सर चिठ्ठी लिहायचे, चार घड्या घालायचे आणि म्हणायचे, "घरी दे. रस्त्यात उघडू नको." पंचक्रोशीतल्या आयांना त्यांचं अक्षर लांबून ओळखू येतं.

दिवाळीनंतर आमच्या मुख्याध्यापिका पुष्पांजली मॅडम बुलढाण्याला चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि प्रत्येक शिक्षकाच्या हातात हिरव्या कागदांचं एकेक पॅड ठेवलं.

"आजपासून आपण मुलांचं चांगलं वागणं पकडायचं," मॅडम म्हणाल्या. "दिसलं की लगेच शाबासकीची चिठ्ठी. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावायची. ज्या वर्गाच्या जास्त चिठ्ठ्या, त्या वर्गाला शनिवारी खेळाचा एक तास जास्त."

नागरे सरांनी पॅड उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, मी अठ्ठावीस वर्षं वाईट पकडून राह्यलो. चांगलं कसं पकडतेत, ते काई मले जमत नाई."

"जमेल. आठवड्याला निदान पाच."

पहिल्या आठवड्यात शाळेत चांगुलपणाचा असा काही पूर आला की आमचे शिपाई भगवंतराव बेजार झाले. त्यांनी झाडू हातात घेतला की सहा मुली धावत यायच्या. पाण्याची बादली उचलली की तिला चार हात लागायचे आणि निम्मं पाणी भगवंतरावांच्या पायजम्यावर. बुधवारी ते मॅडमकडे गेले. "मॅडम, या पोट्ट्यायले सांगा मले काम करू द्या म्हणून. काल दोघांनी मले हात धरून रस्ता पार करून देला. मले जायचंच नव्हतं पलीकडं."

तिकडे हरवलेल्या वस्तू परत करण्याची साथ आली होती. मी स्वतः चार चिठ्ठ्या लिहिल्या, चारही सापडलेल्या पेनाबद्दल. शुक्रवारी नागरे सर स्टाफरूममध्ये आले, एक निळा पेन टेबलावर ठेवला आणि फार समाधानानं म्हणाले, "याच्या टोपणावर चावल्याची खूण हाये. हा एकच पेन सोमवारपासून नऊ वेळा सापडला. नववी ब."

मी माझं हिरवं पॅड हळूच वहीखाली सरकवलं.

शनिवारी मॅडमनी हिशेब मागितला, तर नागरे सरांचं पॅड कोरं. मग समोर बसवूनच लिहून घेतलं. सरांची पहिली चिठ्ठी फळ्यावर लागली ती अशी: "हर्षल, दहावी अ. आज पायरीवरून उडी मारली नाही." दुसरी: "छकुली, आठवी ब. प्रार्थनेत हसली नाही. निदान दिसली नाही."

गंमत अशी झाली की फळ्यासमोर गर्दी व्हायला लागली ती याच चिठ्ठ्या वाचायला. आमच्या चिठ्ठ्यांवर "छान! असेच वाग!" असं असायचं आणि मुलं ते न वाचताच पुढं जायची. नागरे सरांची चिठ्ठी मिळाली की पोरगं दिवसभर छाती काढून फिरायचं. कारण ती मागून मिळत नव्हती. त्यांच्या समोर कुणी मुद्दाम कागद उचलला तर सर म्हणायचे, "हात कचऱ्याकडं अन् डोये माह्याकडं. चाल, पुढं हो."

आता मोईजचं सांगायला हवं. मोईज नववी ब मधला. आई-बाप जालन्याला कारखान्यात कामाला, हा इथं दादीजवळ. दादी म्हणजे अजीजुन्निसा. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. लाल वहीत मोईजच्या नावाची पानंच वेगळी होती. चावलेल्या टोपणाचा तो पेनही मूळचा त्याचाच.

आमच्याकडे प्रार्थनेनंतर एक विद्यार्थी पुढं येऊन प्रतिज्ञा सांगतो आणि बाकी शाळा मागून म्हणते. आठवडाभर एकच विद्यार्थी, हजेरीच्या क्रमानं. त्या आठवड्यात पाळी आली आठवीतल्या वकारची. वकार त्याच वर्षी देऊळगाव राजाहून आमच्याकडे आलेला, शांत मुलगा. तो बोलताना अडखळतो हे त्याच्या वर्गशिक्षकांनाही नीटसं ठाऊक नव्हतं, कारण तो बोलतच नव्हता.

सोमवारी तो पुढं आला. हात समोर केला, तोंड उघडलं आणि "भा" वर थांबला. पुन्हा "भा". दुसऱ्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात नववी ब च्या शेवटच्या ओळीतून जोरात आवाज आला, "भारत!" आणि पाठोपाठ पाचशे मुलांनी सवयीनं पुढचं म्हणून टाकलं. सगळ्या माना मागं वळल्या. मोईज! मुलं त्याला हसली. वकारची गाडी सुटली ती "बांधव" या शब्दापर्यंत नीट गेली. तिथं पुन्हा मोईजची आरोळी.

नागरे सरांनी त्याला कान धरून बाहेर काढलं. प्रतिज्ञेत मस्करी म्हणजे सरांच्या लेखी फार मोठा गुन्हा. पहिला तास त्यानं झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभं राहून काढला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. तीन दिवसांत लाल वहीत तीन नोंदी.

गुरुवारी सरांनी आधीच बंदोबस्त केला. प्रार्थना सुरू व्हायच्या आत मोईजला ओळीतून काढून खांबाजवळ, म्हणजे स्वतःच्या शेजारीच उभं केलं. "आज आवाज काढून दाखव बे."

वकार पुढं आला. सर मोईजवर नजर ठेवून होते. पोरगं ना मुलांकडं बघत होतं, ना सरांकडं. त्याची नजर वकारच्या हनुवटीवर होती. हनुवटी थरथरली तशी मोईजनं छाती भरून श्वास घेतला, शेजारी नागरे सर उभे असताना "भारत!" म्हणून ओरडला आणि मान खाली घालून गप्प झाला. पुढचे शब्द वकार सरळ म्हणत गेला तेव्हा मोईजचे ओठ मिटलेले. "बांधव" जवळ आला तसा पुन्हा श्वास.

सरांचा हात कानाकडं निघाला होता, तो मधेच थांबला.

सगळे वर्गात गेल्यावर त्यांनी मोईजला व्यायामशाळेच्या खोलीत नेलं. मी तिथं खडू घ्यायला गेलो होतो, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

"मधातच काऊन ओरडतो बे?"

"गलती झाली सर."

"गलती नाई विचारली. काऊन ते विचारलं."

मोईज लेझीमच्या ढिगाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "त्याचा एखादा शब्द अटकते, सर. कोणी धक्का देला की पुढचं बराबर येते."

"तुहा दोस्त हाये का तो?"

"नाई सर. उन्हाळ्यात त त्यानं माहा बॉल हिरीत टाकला होता."

"मंग पयल्या दिवशीच सांगाले काय झालं होतं? तीन दिवस उन्हात उभा राह्यला."

"सांगितलं असतं त साऱ्यायले समजलं असतं ना सर. आता सारे मलेच हासतेत. मले काय, सवय हाये."

नागरे सरांनी शिट्टी उगाच हातात घेतली, पुसली, सोडून दिली. "जाय वर्गात," म्हणाले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ते हिरवं पॅड घेऊन माझ्या शेजारी बसले. एक चिठ्ठी लिहिली, फाडली. दुसरी लिहिली, फाडली. मला विचारलं, "निस्वार्थी मधी नि ऱ्हस्व का दीर्घ?" मी सांगितलं. त्यांनी तो शब्दच खोडला. शेवटी जी लिहिली ती फळ्यावर लावली नाही, कारण फळ्यावर लावली असती तर वकारचं अडखळणं शाळाभर झालं असतं. घंटा झाल्यावर त्यांनी मोईजला गाठलं. आता कौतुकानं काही बोलावं, तर ते या माणसाला येत नाही. चार घड्या घातलेली चिठ्ठी हातात दिली आणि तोंडातून सवयीचंच वाक्य निघालं, "घरी दे. रस्त्यात उघडू नको."

मोईजनं काय समजायचं ते समजून घेतलं आणि चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात दडवली. भूगोलाचं पुस्तक घरी कोणी उघडत नाही, असं त्यानं नंतर सांगितलं.

पण सोमवारी सकाळी दादीनं दप्तर झाडलं.

साडेदहाला अजीजुन्निसा स्टाफरूमच्या दारात हजर. डाव्या हातात मोईजचं मनगट, उजव्या हातात हिरवी चिठ्ठी. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही, पण खालची सही त्या चांगल्या ओळखून होत्या. आणि नातवाकडून वाचून घेण्याची सोय राहिली नव्हती. मागे एकदा अशीच चिठ्ठी आली, तेव्हा मोईजनं ती "तुमच्या मुलाची तब्येत चांगली आहे" अशी वाचून दाखवली होती.

"माफ करा सर," त्या आत येता येता सुरू झाल्या. "माय-बाप जवळ नसलेलं लेकरू हाये, म्या लाडावलं. चिठ्ठी आज दिसली, आता त्याचं जेवणच बंद करते. काय तोडलं यानं? कोणाले मारलं? जे असन ते सांगा."

"बसा, अजीजुन्निसाबाई," सर उभे राहिले. "तसं काई नाई. वाचतो मी."

त्यांनी चष्मा लावला. कवायतीच्या वेळी अख्खं मैदान हलवणारा त्यांचा आवाज, पण त्या दिवशी मला शेजारून कान द्यावा लागला.

"मोईज याने चार दिवस प्रतिज्ञेच्या वेळी शिस्त मोडली. कारण चांगले होते. दुसऱ्याला लोकांनी हसू नये म्हणून त्याने हसू स्वतःवर घेतले. मला हे तीन दिवस कळले नाही. शाबास. कि. ना. नागरे."

दादीनं चिठ्ठीकडं संशयानं पाहिलं.

"सर, नाव बराबर पाहा. दुसरा मोईज असन एखादा."

"एकच हाये," सर म्हणाले. "दोन असते त मी राजीनामाच देला असता."

"मंग अजून एक डाव वाचा."

सरांनी पुन्हा वाचलं. या खेपेला "शाबास" जरा मोठ्यानं. दादीनं मोईजचं मनगट सोडलं. तिथं लाल वळ उठला होता, त्यावरून त्या अंगठा फिरवत राहिल्या. मोईज मात्र नागरे सरांकडं असा बघत होता, जसं काही त्यांना ताप चढलाय.

"आणखी एक," सर म्हणाले. "तीन दिवस मी याले उन्हात उभा केला. चूक माही होती. ते चिठ्ठीत लेहाले पायजे होतं, जागा पुरली नाई."



मोईज चुळबुळला. म्हणाला, "सर, मंग वहीतल्या तीन खोडता का?"

"त्या खोडतो. बाकीच्या राहतीन."

पुढच्या आठवड्यापासून मॅडमनी प्रतिज्ञेला दोघांदोघांची जोडी केली, कारण काही सांगितलं नाही. वकारला पाळी पुन्हा दिली, ती त्यानं मोईजबरोबर पूर्ण केली. कधी अडखळायचा, कधी नाही. हसणारे हळूहळू कमी झाले. हसायला मोईजनं इतर गोष्टी भरपूर पुरवल्या. जोडीनं उभं राहण्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं माईकवरून हजेरी घेतली, आणि त्याबद्दल त्याची रीतसर नोंदही झाली. विहिरीतल्या बॉलचं प्रकरण काही मिटलं नाही. वकार म्हणायचा, तो आपोआप पडला होता.

हिरव्या चिठ्ठ्यांचं वेड महिनाभरात ओसरलं. मॅडमनी आठवड्याला पाचचा नियम काढून टाकला, जेव्हा खरंच काही दिसेल तेव्हा लिहा म्हणाल्या. भगवंतराव आपला झाडू घेऊन निवांत झाले. आता चिठ्ठ्या सगळ्यात जास्त नागरे सरच लिहितात, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. महिन्याला दोन, फार तर तीन.

पण त्यांची पंचाईत बाजारात झाली. बाजाराच्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले की अजीजुन्निसा दुकानातून हाक मारायच्या. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बांगड्यांच्या डब्यांमागं ठेवलेली. बांगड्या भरायला आलेल्या बायका हात पुढं करून बसलेल्या.

"सर, वाचा ना जरा. या बायायले खरं वाटून नाई राह्यलं."

सर मेथीची जुडी काखेत धरून वाचायचे. इकडं तिकडं बघत, घाईघाईनं, पण पूर्ण वाचायचे.

मी सोबत होतो त्या दिवशी केसरबाई म्हणून एक बाई तिथं बसल्या होत्या. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसरा हात रिकामा. सगळं ऐकून म्हणाल्या, "सर, माहा गोपाल आठवीत हाये तुमच्याच शाळेत. त्याची नाई लेहली कधी?"

"गोपाल," सर आठवू लागले. "मागच्या बाकावरचा. सायकलचा."

"हाव, तोच. घरी त माह्यासंगं लय काम करते. शाळेत काईच करत नाई का चांगलं?"

सरांनी मेथीची जुडी दुसऱ्या काखेत घेतली. "करत असन," म्हणाले. "मी पाह्यलं नाई."

सोमवारी पाचव्या तासाला मी वर्गावर निघालो होतो. आठवी अ च्या, म्हणजे गोपालच्या वर्गाच्या, खिडकीपाशी नागरे सर भिंतीला टेकून उभे होते, कुणाला दिसणार नाहीत असे. मी काही विचारायच्या आत त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला पुढं जायची खूण केली.