मी वळू का?

तांबरमच्या घराचं फाटक उघडताना वेंकोबाला ते पत्र आठवलं आणि त्याचा हात कडीवरच राहिला.

बहात्तर सालचं पत्र. तुळजाजीमामा तेव्हा हवाई दलात वैमानिक होते, नुकतेच युद्धावरून परतलेले. बाँब टाकून माघारी येताना मागच्या विमानाला गोळा लागला. त्यात सुंदर होता, तंजावरला शेजारच्या गल्लीत वाढलेला. रेडिओवर सगळं बोलणं इंग्रजीत चाले, पण त्या वेळी तो घरच्या मराठी बोलीत एकच शब्द बोलला, "येतो." मागून येतो आहे असं समजून मामा पुढं निघून आले. सुंदर आला नाही. मामांनी पत्रात विचारलं होतं, 'तू भाषा शिकणारा. येतो म्हणजे मागनं येतो, की निरोप? एवढं लिहून कळव.'

निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही; तमिळमध्येसुद्धा नाही. वेंकोबानं कोश उघडले, दोन्ही अर्थ टिपून घेतले, आणि हे ठरवणारे आपण कोण, म्हणून उत्तर लिहिलंच नाही. पुढं तो ग्रंथपाल झाला, निवृत्त झाला. मामांनी पुन्हा विचारलं नाही.

"या अण्णा," मामांची मुलगी भवानी म्हणाली. "काल अप्पा असकट, सगळंच विसरले हुते. आज बरे आहेत. काप्पी आणते."

"कोण आलंय?" खुर्चीतून मामांनी विचारलं.

"मी वेंकोबा, मामा."

"बारीक झालास. तुझी माय जेवू घालत नाही की काय?"

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. "घालते की," वेंकोबा म्हणाला.

"हा पुस्तकं खातो, भवानी. ह्याला काप्पी कशाला?"

तिघंही हसले.

तासाभरानं वेंकोबानं चपला घातल्या आणि सवयीनं म्हणाला, "येतो, मामा."

मामांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सुंदर, नीट सांग रे. मागनं येतोस की जातोस? मी वळू का?"

"अप्पा, सोडा अण्णांना," भवानी म्हणाली.

"मी वळू का?"

थोड्या वेळानं मामांची बोटं आपोआप सैल झाली आणि ते खिडकीकडं बघत बसले.

स्टेशनाजवळच्या पोस्टात त्यानं एक अंतर्देशीय पत्र घेतलं. सुंदरला काय म्हणायचं होतं हे त्याला आजही ठाऊक नव्हतं. आता कोणालाच कळणार नव्हतं. त्यानं लिहिलं, 'मामा, तो बहुधा निरोप होता.' मग 'बहुधा' खोडलं. खाली लिहिलं, 'तुम्ही वळायचं नव्हतं.'

भवानीला देवनागरी येत नसे. तिला मामांना वाचून दाखवता यावं म्हणून दोन्ही वाक्यं त्यानं तमिळ अक्षरांत पुन्हा उतरवली, चार गल्ल्यांपलीकडचा मामांचा पत्ता घातला आणि पत्र पेटीत टाकलं.