राहेलीने ठेवलेले नाव

“चिठ्ठीवर पाटोळे, पिशवीवर बेनोनी. मग कशी देऊ पिशवी?” रक्तपेढीच्या खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी परत सरकवली.

प्रविणच्या तोंडचे पाणी पळाले. सकाळी लेक झाली होती, पण वरच्या मजल्यावर त्याच्या बायकोचे, मंजुषाचे रक्त थांबत नव्हते. आणि आडनाव बदलायचा दीडशहाणपणा त्याचा स्वतःचाच होता.

सिरसाळ्यात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा हा गडी एरवी कुणाच्या बापाला भिणारा नव्हता. पण गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या नावांचे अर्थ सांगितले आणि याची झोपच उडाली. शिमोन म्हणजे देवाने ऐकले, लेवी म्हणजे जोडलेला. माना कौतुकाने डोलत होत्या. मग निघाले बेनोनी. राहेल बाळंतपणात गेली, आणि जाता जाता लेकाला हे नाव देऊन गेली: माझ्या दुःखाचा पुत्र. अख्खे चर्च याच्या बाकाकडे बघायला लागले.

त्याची पणजीही अशीच गेली होती. मिशनच्या मडमेने तिच्या पोराला हेच नाव दिले आणि पुढे ते घराण्याचे आडनाव होऊन बसले. प्रविणची आईसुद्धा तो जन्मला त्याच दिवशी गेली. आता सांगा, दवाखान्याच्या अर्जावर ‘बेनोनी’ लिहायला हात धजावा कसा? त्याने घराण्याचे बाप्तिस्म्याआधीचे जुने आडनाव, पाटोळे, ठोकून दिले. मंजुषासाठी रक्त मात्र त्या रविवारच्या दोन दिवस आधीच खऱ्या नावाने राखून ठेवलेले, हे भीतीपायी त्याच्या ध्यानातच राहिले नाही.

तो जिना चढत धावला.

“सिस्टर, आडनाव म्या खोटं लिवलं. मंजुषा बेनोनीच हाय. चिठ्ठी बदलून द्या, पाया पडतो तुमच्या!”

“खोटं? कावून?”

“भ्यालतो.”

सिस्टरने त्याला चार शब्द सुनावले, नवा कागद पुढे केला. “लिहा स्वतःच्या हातानं. सही करा.”

त्याने लिहिले. घाम कागदावर टपकला.

नव्या चिठ्ठीवर पिशवी मिळाली, मंजुषाकडे आत गेली, दार लागले. बाहेर छबुआत्या तान्हीला मांडीवर घेऊन बसली होती. प्रविणला लहानाचा मोठा तिनेच केलेला.

“आत्या, आपलं नावच खराब हाय गं.”

“गप बे! त्या राहेलीच्या लेकराला बी कुणी तरी वाढवलंच असंल की. म्या तुला वाढवला तसा. दुःख म्हणून न्हाई वाढवला.”

प्रविणला हुंदका आवरेना.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडले. “बेनोनींचं कोण आहे?”

त्याला आत्याने ढोसले.

“मी,” तो म्हणाला. “मी बेनोनी.”

“या. शुद्धीवर आल्यात.”

मंजुषा पांढरीफटक पडली होती. “लई भ्याव वाटलं,” ती पुटपुटली.

“मला बी,” तो म्हणाला, आणि खाटेशी खाली बसून तिचे गार पाय दोन्ही हातांनी चोळू लागला.