आतून न उघडणारं दार

गाडीची किल्ली आत राहिली ती माझ्या हातामुळे. डोकं त्या वेळी कामावर नव्हतंच.

बाबांच्या जुन्या गाडीचं दार लावायची एक रीत होती. बाहेरचं हँडल उचलून धरायचं आणि तसंच दार लोटायचं, की किल्लीवाचून कुलूप लागायचं. बाबा कायम असंच लावायचे, पण आधी किल्ली दुसऱ्या हातात घेऊन. त्या सकाळी मी सीट पुसली, किल्ली सीटवर ठेवली, फडकं बाहेर झटकलं आणि त्यांच्यासारखंच हँडल उचलून दार लोटलं. खट्. काचेच्या पलीकडे किल्ली दिसत होती, चांगली ऐसपैस पडलेली.

आई व्हरांड्यातल्या खुर्चीवर तयार होऊन बसली होती. मांडीवर पर्स, पायांत बाहेरच्या चपला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किल्ली आत राहिली."

मी पायरीवर बसले. बाबा गेल्यापासून मला सारखं बसावंसं वाटायचं. पुस्तकांतली माणसं दुःखाने रडतात, भटकतात, पत्रं जाळतात. मला नुसती झोप यायची. बँकेच्या रांगेत यायची, भेटायला आलेल्यांसाठी चहा गाळताना यायची. झोपायला गेलं की मात्र यायची नाही.

आई तेव्हापासून फाटकाबाहेर पडली नव्हती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याची तपासणी मी दोनदा पुढे ढकलली होती. माझी रजा संपत आली होती. ती एकदा बाहेर पडली असती तर पुन्हाही पडेल एवढं समजून मी कामावर परत जाऊ शकले असते. नाहीतर तिला अशी खुर्चीत सोडून कसं जायचं ते मला सुचत नव्हतं. टॅक्सीचं नाव काढलं की ती म्हणायची, परक्याच्या गाडीत बसणार नाही. आपल्या गाडीतून चल म्हटलं की म्हणायची, "तिचं दार आतून उघडत नाही. कोण येणार आहे उघडायला?"

ते खरं होतं. ड्रायव्हरशेजारच्या दाराचं आतलं हँडल मी शाळेत असताना मोडलं. तेव्हापासून कुठेही पोचलो की बाबा उतरायचे, बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घालायचे आणि आईचं दार बाहेरून उघडायचे. मागे मी माझी उतरायचे, माझ्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. ओळखीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायच्या, "बघा, शिका जरा!" आई म्हणायची, "कसलं शिकताय? हँडल मोडलंय." गाडी बाबांकडे लग्नाआधीपासून होती, म्हणून आई तिला थोरली म्हणायची. "थोरलीचं आधी बघा, मी काय, आहेच."

त्या दिवशी सकाळी मात्र मी काही न विचारता आई चपला घालून बाहेर येऊन बसली होती. मी त्या चपलांवर डोळा ठेवून होते. त्या पायांतून निघाल्या की दिवस गेला.

दुसरी किल्ली बाबांच्या कोटात असायची. कोट आम्ही पहिल्याच आठवड्यात बाकीच्या कपड्यांबरोबर देऊन टाकला होता, खिसे न बघता. दवाखान्यात फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं. मग किल्लीवाले शोधले. पहिल्याने गाडीचं साल ऐकून विचारलं, "चालते, की नुसती ठेवलीय?" दुसऱ्याने फोनच ठेवला. तिसरा आला.

स्कूटरवरून आला, मागे पत्र्याची पेटी बांधलेली. पोट सुटलेला, केस काळेभोर रंगवलेले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, खरं सांगू? मी कपाटं उघडतो. ऑफिसं, तिजोऱ्या, झालंच तर स्कूटर. असली म्हातारी पहिल्यांदाच हाताखाली येतेय."

"मग आलात कशाला?" आई खुर्चीतून म्हणाली.

"बघायला, काकू. बायको म्हणते मला नवीन काही शिकता येत नाही."

"बरोबरच म्हणते."

त्याने ड्रायव्हरच्या दाराच्या फटीत पाचर घातली. जुनं रबर बिस्किटासारखं तुटून खाली पडलं. "हे आधीच गेलेलं होतं," तो घाईने म्हणाला. मग तार घातली. तार आत जायची, लॉकच्या बटणावरून घसरायची आणि बाहेर यायची. तो शीळ घालायचा, थांबायचा, पुन्हा तार घालायचा. ऊन पायरीपर्यंत आलं. आईने एक पाय चपलेतून अर्धा काढला. मी उगाचच तिला पाणी आणून दिलं.

"पलीकडून बघतो," तो म्हणाला. "तिकडची छोटी तिकोनी काच ढिली दिसतेय. तिथून तार घालून आतलं हँडल ओढलं की काम फत्ते."

"ते हँडल चालत नाही," मी म्हणाले. "मोडलंय. फार वर्षं झाली."

"बघू तरी."

"अहो, मोडलंय म्हणतेय ना. वेळ जाईल."

पण तार तोवर आत गेली होती. तिचं आकड्यासारखं टोक हँडलमागे अडकलं. त्याने हलकेच ओढलं आणि दार उघडलं. कुरकुर नाही, झटका नाही. इतक्या सहज उघडलं की तोल जाऊन तो दोन पावलं मागे गेला.

"कोण म्हणत होतं मोडलंय?"

मी आईकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

त्याने सीटवरून किल्ली उचलली आणि उन्हात धरली. "ही बघा. साबणाची वडी झिजावी तशी झिजलीय. एक दिवस कुलपातच तुटेल. दोन नव्या करून देतो, पण हिच्यावरून नको, नाहीतर हिची झीज त्यांच्यातही उतरेल. कुलपावर नंबर असतो, त्यावरून करू."

नंबर बघायला त्याने त्याच दाराचं आतलं आवरण काढलं. मी टॉर्च धरला. कुलपाचा नंबर त्याने पुसून वाचला. मी हँडलच्या मागे बघत होते. तिथे हँडलला कुलपाशी जोडणारी मूळ दांडी नव्हतीच. तिच्या जागी जाड तार होती, दोन्ही बाजूंनी सारखी वळवलेली, आणि तारेच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. घरातल्या कुठल्याही तारेचं टोक बाबा उघडं ठेवायचे नाहीत, कुणाला बोचेल म्हणून. कपडे वाळत घालायच्या तारेला, पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याला, सगळीकडे तीच काळी पट्टी. इथली पट्टी वाळून कडक झाली होती. बोट लावलं तर तिचा भुगा पडला. हे काल-परवाचं काम नव्हतं.

"छान केलंय कुणीतरी," किल्लीवाला म्हणाला आणि आवरण पुन्हा बसवायला लागला.

पेटीतल्या छोट्या यंत्रावर त्याने कोऱ्या किल्ल्या कापल्या. पहिली कुलपात शिरली, पण फिरेना. "नंबर कुलूप नवं असतानाचा," तो पुटपुटला, "आणि कुलूप झालंय म्हातारं." तो कानस घेऊन बसला, जरा घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. दोन्ही किल्ल्या फिरल्या तेव्हा त्याने त्या माझ्या हातावर ठेवल्या. कापल्यामुळे अजून कोमट होत्या. "एक घरात ठेवा, ताई. दोन्ही गाडीत नको."

"तिला कुलपाच्या चार किल्ल्या दिल्या तरी चारही आत ठेवेल," आई म्हणाली आणि उठली. चपला पायांतच होत्या.

तिच्यासाठी मी बाहेरून दार उघडलं. ती बसली, पर्स मांडीवर घेतली, समोर बघायला लागली. क्लच जड होता आणि माझे पाय त्याहून. फाटकातून बाहेर पडलो. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान मागे गेलं, शाळा मागे गेली.

"आई, ते हँडल..."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू कॉलेजला गेलीस त्या वर्षी. एका रविवारी हे अख्खी दुपार त्या दारात डोकं घालून बसले होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, आता येऊन सांगतील. नाही सांगितलं."

"तू विचारलं नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. गाडी थांबली, मी हँडलला हात घालणार, तर हे उतरून पुढून निघालेसुद्धा." तिने मांडीवरची पर्स सरळ केली. "मग मी हात काढून घेतला."

पुढे सिग्नल लागला. तिने तिच्या बाजूची काच थोडी खाली केली.

दवाखान्याच्या आवारात झाडाखाली जागा मिळाली. मी इंजिन बंद केलं. आता उतरायचं, वळसा घालायचा, तिचं दार उघडायचं, आत नाव सांगायचं, फाईल द्यायची, एवढं सगळं मला कळत होतं. पण हात स्टिअरिंगवरून निघेनात. आजवर जे जे केलं होतं, ते कागद, त्या सह्या, ते फोन, सगळं येऊन जणू माझ्या मनगटांवर बसलं होतं. मी कपाळ हातांवर टेकलं. एक मिनिट, मी म्हणाले, की नुसतं मनात म्हणाले.

शेजारी खट् असा आवाज झाला.

मी मान वर केली. आईची सीट रिकामी होती आणि तिचं दार उघडं होतं. ती गाडीच्या पुढे आली होती. एक हात बॉनेटवर टेकत, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मान खाली घालून, सावकाश, एकेक पाऊल टाकत तिने वळसा पुरा केला. माझ्या बाजूला येऊन दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "किल्ली घे आधी."