धुळ्याच्या दुकानात ब्रनोचं रेकॉर्डिंग

हेमांगीच्या कानावर ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा पडलं ते डबा खायच्या सुट्टीत, आणि तेही दुसरीच्याच मोबाइलवर.

जळगावच्या बाहेर केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. शनिवार-रविवार मात्र ती 'खापर'ची गायिका असायची. 'खापर' हा चौघांचा रॉक बँड. अहिराणी गाणी इलेक्ट्रिक गिटारवर आणि ड्रमवर गायची, एवढाच त्यांचा उद्योग. सुरुवातीला लोक हसले. मग कॉलेजांतून बोलावणी यायला लागली, आणि गेल्या जूनमध्ये तर पोलंड आणि चेकमधल्या पाच गावांतून कार्यक्रम करून ही मंडळी परत आली. क्राकोच्या कार्यक्रमाचा रीतसर अल्बम निघाला. त्यातला हेमांगीचा आवाज ऐकून अमळनेरला तिच्या आईने सबंध गल्लीला पेढे वाटले होते.

पण मेघाच्या मोबाइलवर वाजत होतं ते क्राकोचं नव्हतं.

"ताई, हे तुमचंच ना?" शेजारच्या टेबलावर काम करणारी मेघा म्हणाली. "माझ्या धुळ्याच्या मावशीने पाठवलं. पूर्ण दीड तासाचं आहे."

हेमांगीने दोन ओळी ऐकल्या आणि तिच्या हातातला घास तसाच राहिला. ब्रनो. युरोपातला पाचवा, शेवटचा कार्यक्रम. त्या दिवशी तिचा घसा सर्दीने पार बसला होता. तळघरातला लहानसा हॉल, समोर शंभरेक माणसं. गाणारीला सगळ्यांची साथ ऐकू यावी म्हणून तिच्या पायाशी एक स्पीकर ठेवतात, तो अर्ध्यातच बंद पडला होता. आणि तापीच्या गाण्यात, वरच्या सुरावर, तिचा आवाज फाटला होता. नुसता फाटला नाही, थांबलाच. किती वेळ ती माइकसमोर गप्प उभी होती हे तिला आजही सांगता आलं नसतं. कार्यक्रम संपल्यावर ती मंचामागे बसून रडली होती, आणि त्यानंतर बँडमध्ये ब्रनोचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"बंद कर गं," ती म्हणाली. मेघा बिचारी कावरीबावरी झाली.

संध्याकाळी हेमांगी तडक नवलकडे गेली. नवल हा बँडचा साउंडवाला. लग्नात आणि सभांना लाउडस्पीकर लावता लावता तो मिक्सरवर आला होता, आणि त्याच्यासारखा कान अख्ख्या खान्देशात नाही असं बँडमधला रोनक म्हणायचा. प्रत्येक कार्यक्रम तो मिक्सरमधून थेट पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा, आपलं काय चुकलं ते नंतर घरी ऐकायला. ते कुणाला द्यायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं.

"तूच दिलंस ना?"

नवलने गुंडाळत असलेली केबल खाली ठेवली. "दिलं. एकालाच दिलं."

"कुणाला?"

"रोनकच्या वडिलांना."

रोनक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, खालच्या, जाड सुरांची. त्याचे वडील पुखराजशेठ, धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं कापडाचं दुकान. मुलाने गादीवर बसायचं सोडून जळगावात खोली घेऊन हे काय आरंभलंय, यावरून बापलेकांत पाच वर्षं धड बोलणं नव्हतं. युरोपला जाताना रोनक पाया पडायला गेला, तर शेठनी "जपून जा" एवढंच म्हटलं होतं.

"दिवाळीत त्यांच्या दुकानात स्पीकर बसवून द्यायला गेलो होतो," नवल सांगू लागला. "काम झाल्यावर मला थांबवलं. म्हणाले, नवलभाऊ, तो अल्बम मी चारदा ऐकला. त्यात माझा मुलगा कुठाय? मला तो सापडतच नाही. आता बेस म्हणजे काय, ताई, असला की कळत नाही, नसला की कळतं. त्यांना कसं समजावणार? मग ब्रनोचं दिलं."

"पण ब्रनोचंच का?"

"कारण त्यातच तो सगळ्यात स्पष्ट आहे. हॉल लहान. ड्रम आणि गिटार तसेही जोरात ऐकू येतात, मिक्सरमधून त्यांना सोडावंच लागत नाही. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये ते मागे राहतात. पुढे येतो फक्त तुमचा गळा आणि रोनकचा बेस." तो जरा घुटमळला. "तुम्ही ते कधी ऐकलंत का पण?"

"मी तिथेच होते की रे," हेमांगी म्हणाली आणि निघून आली.

शनिवारी सकाळीच तिने धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. शेठना काय सांगायचं, ते ती वाटेत मनातल्या मनात घोळवत होती. काका, तुमचा मुलगा त्यात छान वाजवत असेल, पण माझी त्यात शोभा झालीय. कृपा करून ते कुणाला देऊ नका, ज्यांना दिलंय त्यांना पुसून टाकायला सांगा. वाक्यं चांगली जुळली होती. धुळ्याला उतरून ती आग्रा रोडला वळली, आणि दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवते तोच आतून तिचाच आवाज आला.

दुकानात गर्दी नव्हती. गादीवर पुखराजशेठ मांडी घालून बसले होते, पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. समोर लुगड्यांच्या घड्या पसरलेल्या, आणि त्यांच्यापलीकडे पागोटं मांडीवर ठेवून एक म्हातारा शेतकरी कान देऊन बसला होता. शेठनी हेमांगीला ओळखलं. पण उठले नाहीत. ओठांवर बोट ठेवून तिला बसायची खूण केली, जणू देवळात कीर्तन चाललंय.

गाणं तापीचंच होतं.

*तापीमाय, कथी चालनी घाईघाई*
*मना माहेरना घाटवर थांब ना वं बाई*

"हाई बाई गाई ऱ्हायनी का रडी ऱ्हायनी?" म्हाताऱ्याने विचारलं.

हेमांगीचे कान तापले. तिने मान खाली घातली.

"आयक सुपडूभाऊ, आयक," शेठ म्हणाले. "आते मना आंडोर." आता माझा मुलगा, असं ते सांगत होते.

तो वरचा सूर आला. तिचा आवाज चढला, चिरकला आणि तुटला. मिक्सरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या नसतात, कुजबुज नसते, काही नसतं. आवाज तुटला की मागे नुसती पोकळी. हेमांगीने डोळे मिटले. ही पोकळी तिला पाठ होती.

पण तशी पोकळी तिथे नव्हतीच.

तिचा सूर जिथे तुटला होता तिथूनच बेसने तो उचलला. रोनक तिचीच ओळ वाजवत होता. खालच्या पट्टीत, सावकाश, एकेक शब्द बोटांनी उच्चारावा तशी. दुसऱ्याच मात्रेला ड्रम हळू झाला, जितेंद्रने काठ्या टाकून हातांनी वाजवायला घेतलं असावं. गिटार तर पुरती थांबली. आणि बेसचा आवाज भरत गेला, तो आपोआप नाही. नवलने त्याच क्षणी मिक्सरवर बोट सरकवलं होतं, ते तिला कळलं. ओळ एकदा झाली. रोनकने ती पुन्हा घेतली, आणखी सोपी करून, लहान मुलाला घास भरवताना आपण आपलं तोंड उघडतो तशी. मग मंचावरून, माइकपासून लांब, अगदी पुसट, त्याचा आवाज आला: "खाल्ली पट्टीमा, हेमा. ये."

आणि ती आली होती. खालच्या पट्टीत, घोगऱ्या आवाजात, बेसच्या बोटाला धरून. त्या दिवशी तिला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. रोनकने बेसची केबल थेट मिक्सरलाच जोडली होती, मंचावर त्याचा वेगळा स्पीकर नव्हता आणि तिच्या पायाशी होता तो मेला होता. पायाखालच्या फळ्या तेवढ्या घुमत होत्या. सूर नशिबाने परत सापडला असंच ती सहा महिने समजत होती. सगळे आपल्याला सोडून गप्प बसले, असंही तिच्या मनात कुठेतरी होतं, आणि त्याचा राग तिने कधी कुणावर काढला नव्हता, पण धरला होता.

गाणं संपलं. सुपडूभाऊने पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "तुना आंडोर हुशार शे, शेठ. बाईले पडू दिनं नही." मग नातीसाठी दोन लुगडी बाजूला ठेवायला सांगून तो चहाला गेला.

शेठ हेमांगीकडे वळले. "बेटा, तुम्ही येणार ते कळवलं असतं तर घरी जेवायला सांगितलं असतं. रोनक बरा आहे ना?"

"बरा आहे काका."

"हे मी रोज लावतो," शेठ म्हणाले आणि थोडे लाजले. "तो लहान होता तेव्हा मी त्याला इथे शेजारी बसवायचो. सांगायचो, गिऱ्हाईक बोलताना अडलं की गप्प बसू नये आणि त्याच्या पुढेही पळू नये. त्याचाच शब्द हलक्या हाताने त्याला परत द्यावा. मग ते आपोआप बोलतं. मला वाटायचं, याचं लक्षच नाही. खिडकीबाहेर बघत बसायचा." त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला. "सगळं ऐकत होता की."

हेमांगीला बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. तरी आली कशाला ते लपवणं तिला बरं वाटलं नाही. तिने सगळं सांगितलं.

शेठचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच आलं नाही बेटा. मी मुलाच्या नादात. तुमचा गळा दुखत होता हे मला... अकरा जणांना दिलंय मी. आत्ता फोन करतो एकेकाला." आणि खरंच त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"नको काका."

"नको कसं? तुमची अब्रू आहे."

"नको म्हणते ना. मला एक सांगा, रोनकला माहीत आहे का, तुम्ही हे ऐकता ते?"

शेठनी मान हलवली. नाही.

"मग एकच फोन करा. त्याला."

ते लगेच तयार झाले नाहीत. तो कामात असेल, म्हणाले. मग म्हणाले, मला त्यातलं कळत नाही, चुकीचं काहीतरी बोलून जाईन. हेमांगी म्हणाली, "आत्ता मला बोललात तेच बोला." रोनकच्या आईने, सज्जनबाईंनी, घरून पाठवलेला चहा प्यायली, पाया पडली आणि ती निघाली. फोन तिच्यासमोर झाला नाही. तिलाही तो ऐकायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरावाला रोनक उशिरा आला. त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो उगाच सगळ्यांशी थट्टा करत होता. गिटारचा पट्टा खांद्यावर चढवताना हेमांगीला हळूच म्हणाला, "पप्पांचा फोन आला होता. पाऊण तास. विचारत होते, ती थांबली तेव्हा पुढे काय करायचं ते तुला कसं कळलं?"

"मग काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. मला काही कळलं नव्हतं. भीती वाटली, म्हणून तुझी ओळ वाजवत बसलो."

हेमांगीने मग सगळ्यांना बसवून ते रेकॉर्डिंग लावलं. नवल दाराशी अपराध्यासारखा उभा होता, त्याला तिने हाताला धरून आत आणलं. हे आपणच, आपल्या नावाने, जसंच्या तसं लोकांना द्यायचं, असं तिने सुचवलं.

"जसंच्या तसं?" योगराज ओरडला. गिटार त्याची. "अरे, मी ऐकूच येत नाही त्यात! मी ब्रनोला गेलो होतो की नाही, अशी शंका येईल लोकांना!"

जितेंद्र हसून लोळला. योगराजने दोन दिवस अबोला धरला आणि मग हो म्हणाला.

मार्चमध्ये ब्रनो बाहेर आलं. अल्बमवर नवलचं नाव त्यांनी चौघांच्या बरोबरीने घातलं. तापीच्या गाण्यातली ती तुटलेली जागा काढून टाकावी का, असं नवलने शेवटपर्यंत विचारलं. हेमांगी दरवेळी नाही म्हणाली. डब्याच्या सुट्टीत मेघाने ते पुन्हा लावलं तेव्हा ती जागा आली, आणि हेमांगी जेवायची थांबली. तिच्या आवाजासाठी नव्हे. पुढे रोनक कसा येतो ते तिला ऐकायचं होतं.