शांतम्मांच्या दंडावरचा फिटनेस बँड

माझ्या काचेवरचे ओरखडे पाहून तुम्ही ओळखलंच असेल, मित्रांनो, की मी काही नवा नाही. मी मनगटावर बांधायचा फिटनेस बँड. चाललेली पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणं हे माझं काम. पुण्यातल्या एका गृहस्थांनी मला हौसेनं घेतलं आणि नवं मॉडेल आल्यावर बाजूला टाकलं. माझ्या कंपनीनं मला परत घेतलं, बॅटरी बदलली आणि आपल्या सामाजिक उपक्रमात उमरग्याजवळच्या एका गावी पाठवलं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, असा तो उपक्रम होता.

मी शांतम्मांच्या वाट्याला आलो. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकणं हा त्यांचा धंदा. दोन्ही हातांत भरगच्च हिरव्या बांगड्या, म्हणून त्यांनी मला बांगड्यांवरूनच बांधलं. कातडीला टेकल्याशिवाय मला ठोके कळत नाहीत. उरली पावलं. शांतम्मा चुलीपुढे बसून भाकरी थापत आणि हाताचा प्रत्येक हिसका मी पाऊल म्हणून धरत असे. महिनाअखेरीस गावात सर्वांत जास्त चालणारी बाई म्हणून त्यांचंच नाव जाहीर झालं!

बक्षीस घेऊन कंपनीची सोनाली आली. "अक्का, रोज कुठवर चालता?"

"चालतीय कुठली बाई! चुलीम्होरनं उठाय येळ न्हाय मला."

भाकरी बांधत बसलेले त्यांचे यजमान ईरण्णा हसले. "बसल्या जागी पैला नंबर! पळाली असती तर काय झालं असतं?"

फोटोसाठी तिघं देवळाकडे गेली. दोनचार पायऱ्या चढल्या नाहीत तोच शांतम्मा मटकन खाली बसल्या. हात छातीवर, कपाळावर घाम.

"असं कधीपासून होतंय?" सोनालीनं विचारलं.

"दिवाळीपासनं. लई धडधडतंय. पर सांगून काय करू? भाकरी कोण करंल?"

ईरण्णांचं हसू मावळलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

"बांगड्या काढून बँड घट्ट बांधू या, ठोके तरी बघू," सोनाली म्हणाली.

"मालक म्होरं बसल्यात अन् हात मोकळा करू? न्हाय जमायचं."

"अगं, मीच सांगतोय की. काढ."

"तुमी गप बसा!"

सोनालीनं वाद घातला नाही. तिनं मला दंडावर बांधून पाहिलं, पण माझा पट्टा पुरेना. तेव्हा ईरण्णांनी घरी जाऊन आपल्या जुन्या घड्याळाचा पट्टा आणला आणि दाभणानं मला जोडून दिला. शांतम्मांच्या कातडीला मी तेव्हा पहिल्यांदा टेकलो. ठोके कधी भरभर पडत होते, कधी मध्येच अडखळत होते. सोनालीच्या फोनवर इशारा उमटला.

"यानं आजार कळत नाही, ते डॉक्टरच सांगतील. पण आजच जायचं," ती म्हणाली.

उमरग्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. ठोक्यांची लय बिघडली होती. अशानं रक्ताची गुठळी होऊन लकवा मारू शकतो, वेळेत आलात, असं ते म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या.

मी सर्वांचा ऋणी आहे. माझ्या कंपनीचाही, कारण तो पहिला नंबर चुकीचा होता हे तिनं मोकळेपणानं मान्य केलं आणि पुढचे सगळे बँड दंडाला पुरतील अशा लांब पट्ट्यांचे पाठवले. ईरण्णांचा तर विशेष. आता निम्म्या भाकरी तेच थापतात. त्या जाड होतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तेव्हा त्याच्या हातात आधीच काय आहे ते बघा. आणि घरातलं कुणी काम करता करता छाती धरून बसलं, तर दमलं असेल म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसून विचारा. ईरण्णा आता रोज विचारतात, "कसं वाटतंय गं?"

आणि शांतम्मा रोज ओरडतात, "जिती हाय मी! तव्यावर बघा, भाकर करपतीय!"