डाव्या कडेचा पेला

“चूक! साफ चूक रे सदाशिवा! ती पेनल्टी म्हापशाक न्हय, शिरगावात!” बाबलीने मेजावर अशी थाप मारली की पेले नाचले आणि पातळ भाजीची वाटी सदाशिवच्या मांडीवर येता येता राहिली.

“शिरगावात? मेल्या, शिरगावात तुका लागोपाठ दोन गोल पडले. गोलात उभो तू, आणि याद मी ठेवची?”

“ते दोन गोल पावसामुळे पडले. पायाखाली सगळो चिखल.”

“जानेवारीत पाऊस?”

बांकावरचे सगळे खो खो हसले. बाबलीही हसला. आत कमलाक्षी मिरचीची भजी तळत होती. तिला दोन्ही गोल ठाऊक होते, पेनल्टीही ठाऊक होती, पण ती मध्ये पडली नाही. भांडू देत बापडे. खाणी बंद पडल्यापासून त्यांचे ट्रक माडांखाली गंजत उभे होते, चाकांभोवती गवत वाढलं होतं. सकाळी उठून जायचं कुठे? तर कारापूरच्या तिठ्यावरच्या तिच्या हॉटेलात यायचं, पाव-भाजी खायची, आणि राष्ट्रोळी बॉईजची एकेक मॅच उकरून काढायची.

राष्ट्रोळी बॉईज ही त्यांची टीम. होती, म्हणायचं. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराला अख्ख्या डिचोली तालुक्यात तिचा दरारा होता. आता टीम नाही आणि मैदानही नाही. मैदान तरी काय, हॉटेलामागचं शेतच ते. भात कापून झालं की मेरा, म्हणजे शेताचे बांध, फोडायच्या, बांबूचे गोल उभे करायचे आणि पुन्हा पेरणीची वेळ येईपर्यंत खेळायचं. ओढ्याकडचा कोपरा कायम ओलसर. पाहुण्या टीमचा चेंडू तिथे गेला की रुतून बसायचा, आणि गावची पोरं गालात हसायची. पुढे खाणीवरची माती पावसाबरोबर वाहत आली आणि शेत लालभडक चिखलाखाली गेलं. आता जनेलातून बघितलं तर नुसतं रान दिसतं.

“टीम मांड रे,” सदाशिव म्हणाला. हा सदाशिव कधी एक मिनिटसुद्धा खेळला नव्हता. मेरेवर बसून ओरडणं एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने मन लावून केलं होतं.

टीम मांडायची म्हणजे चहाचे रिकामे पेले मेजावर उपडे घालायचे. पावाची टोपली हा समोरच्यांचा गोल. अलीकडच्या टोकाला जाड बुडाचा पेला, तो बाबली. गोलकीपर म्हणूनही तो तसाच होता, जागचा न हलणारा. मधोमध मधुकर, कप्तान. मग बाकीचे. कोण कुठे खेळायचा यावर दोन-चार शिव्या, थोडी सरकवासरकव, की झाली टीम तयार.

पेले दहाच असत. पुढची डावी कडा रिकामी राही. इतक्या वर्षांत तिथे कुणी पेला ठेवला नाही, आणि का ठेवला नाही हे कुणी बोललंही नाही.

ती जागा अनंतची. कमलाक्षीचा एकुलता एक.

नवरा लवकर गेला. हॉटेल आणि पोर, दोन्ही तिने एकटीने सांभाळलं. अनंत डावखुरा. जेवताना डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी तिने कितीदा तरी पळीचा फटका दिला, तेव्हा हात सुधारला. पाय मात्र तिच्या तावडीतून सुटला तो सुटलाच. त्याचा खेळ तिने कधी डोळ्यांनी पाहिला नाही. मॅचच्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसायची, चूल सोडून जाणार कुठे? पण ऐकायला सगळं यायचं. दुसऱ्या कुणी गोल मारला तर नुसता गलका. अनंतने मारला की मागून “अंत्याऽऽऽ!” अशी आरोळी उठायची, आणि आत कढईसमोर ती एकटीच हसायची. त्याचा एकेक गोल तिने असा कानांनी पाहिला होता.

शेवटचा तेवढा राहिला. फायनल तिकडे पेडण्यात होती. एवढ्या लांबून आरोळी कशी यावी?

टीम जिंकली. आपल्या पोरानेच शेवटचा गोल मारला एवढंच तिला कळलं. परत येताना सगळे मधुकरच्या ट्रकात होते, ट्रक मधुकरच चालवत होता. अनंत कप घेऊन केबिनच्या टपावर चढला होता, नाचत होता. रस्त्यावर आंब्याची एक फांदी खाली आलेली होती. ती कुणाला दिसली नाही.

बाराव्याच्या दिवशी टीम तिच्या दारात आली. कप घेऊन आली. मधुकर रडत रडत सांगू लागला, “काकी, अंत्यान काय गोल मारलो गो...” आणि तिच्या अंगाची आग झाली. माझं पोर गेलं आणि हे मला गोल सांगायला आले! तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, “माझ्या गळ्याची आण आसा तुमकां. तेचां नाव परत ह्या दारात काढू नकात!”

आण मोडली तर जिच्या गळ्याची तिच्यावर बेतायचं. पोर गेलंच होतं, आता त्याची आई आपल्यामुळे जायला नको, म्हणून पोरांनी आण पाळली. पोरांची बापयमाणसं झाली, केस पिकले, तरी पाळली. टीम त्यानंतर पुन्हा मैदानात उतरली नाही. मॅचींची सगळी बडबड या हॉटेलात झाली, फक्त फायनल कुणी काढली नाही. गप्पा त्या बाजूला वळल्या की मधुकर उठून बाहेर जाऊन ट्रककडे बघत उभा राही.

राग वर्षभरात विरला होता. मग सुरू झाली ती भूक. कुणीतरी नाव घ्यावं. कुणीतरी चुकून तरी म्हणावं, अंत्या. तो गोल कसा झाला, कुठून झाला, एकदा कानावर पडावा. मरायच्या आधी एकदा. पण आण तिची, सोडायची तर तिनेच. आणि सोडायची तर आधी नाव तिलाच घ्यावं लागणार. तिथे जीभ अडायची. नाव ओठांशी आलं की वाटायचं, हे बाहेर पडलं तर आपण इथेच कोसळू. मग ती पदराने तोंड पुसायची आणि कढईत मिरच्या सोडायची.

त्या सकाळी पेले मांडून झाले होते, तेवढ्यात एक अनोळखी माणूस पायरी चढून आत आला. साठीच्या आसपासचा, हातात पिशवी, पिशवीतून बाळंतिणीसाठी घेतलेले डिंकाचे लाडू डोकावत होते. धाकू त्याचं नाव, पेडण्याहून आला होता. लेक शिरगावात दिलेली, तिला मुलगा झाला होता. बसला वेळ होता म्हणून चहाला टेकला. पेल्यांकडे थोडा वेळ बघत राहिला आणि त्याचा चेहरा फुलला.

“फुटबॉल? खंयची टीम ही?”

“राष्ट्रोळी बॉईज. तुमी आयकूक नसतलात,” सदाशिव म्हणाला.

“आयकूक नाय? अरे, तुमच्या विरुद्ध फायनल खेळलंय मी! राइट बॅक!” धाकू बांक ओढून मेजाला भिडलाच. “हो गोलकीपर... तू न्हय रे? तेव्हा बारीक होतस.”

“बारीक? ह्यो?” सदाशिव फिसकन हसला. पण बाकीचे हसले नाहीत. फायनल हा शब्द हॉटेलात पडला होता आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

धाकूला त्याचा काय पत्ता? त्याने बोटाने मेजाची डावी कडा दाखवली. “हंय एक पेलो उणो. तो तुमचो डावखुरो खंय? तेका मी जल्मात विसरूचंय नाय. अख्खी मॅच तेच्या फाटीक लागान होतंय. आणि तोंड काय तेचां! माका अशा अशा शिव्या घातल्यान...”

सदाशिवने मेजाखालून त्याला लाथ मारली. बाबली घाईघाईने उठला. “चला भाऊ, तुमची बस येतली.”

“बस? अजून वेळ आसा मरे.”

“येतली म्हणतंय न्हय? चला.” बाबलीने त्याचा दंड धरला.

धाकू बावरला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना, पण काहीतरी चुकलं एवढं दिसत होतं. त्याने निमूट पिशवी उचलली. आतल्या दारात कमलाक्षी येऊन उभी होती, हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. शिव्या घातल्या! माझ्या पोराने शिव्या घातल्या! घरात कधी उलटून बोलला नाही तो. किती घातल्या, कसल्या घातल्या? आणि गोल? हा माणूस आता पायरी उतरेल, बसमध्ये बसेल आणि तो गोल पिशवीतल्या लाडवांबरोबर शिरगावला निघून जाईल. पुन्हा कुठला तो हाती लागायला!

धाकूचा पाय पायरीवर पडला होता.

“अनंत,” कमलाक्षी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच ओळखू येईना. तिने पुन्हा म्हटलं, “अनंत. अनंत तेचां नाव. माझो झील तो.” ती कोसळली नाही. “तुमी येवा हंय. बसा. तेका तुमी कसो आडवलो ता माका सांगा.”

धाकू मागे वळला. हिचा मुलगा! फायनलच्या दुसऱ्या दिवशी पेडण्यात बातमी आली होती, कप घेऊन टपावर नाचताना त्या टीमचा एक पोर गेला. कोण ते तेव्हा कळलं नव्हतं, ते त्याला आता कळलं, आणि त्याने पिशवी खाली ठेवली.

“आडवलो खंय आवय?” अनंतच्या आईला तो म्हणाला. “आडवलो असतंय तर कप आमच्याकडेच रवलो असतो.”

कप पेडण्यात राहिला असता. मग टपावर कुणी नाचलं नसतं. हे तिथल्या प्रत्येकाच्या मनात आलं, धाकूच्याही आलं, आणि त्याने मान खाली घातली.

“काकी,” बाबली कसाबसा बोलला. “आण... आण घातलेली तू. तुझ्या गळ्याची.”

“सोडली,” कमलाक्षी म्हणाली. “सुटली ती आण आता. पोरांनो, मी रागात बोललंय रे. तुमी इतकी वर्सां कित्याक पाळलात?” आणि ती रडू लागली. बाराव्याच्या दिवशी चारचौघांत रडली नव्हती, ती आता झारा हातात धरूनच रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

मग तिने डोळे पुसले, आत गेली आणि एक पेला चहा घेऊन आली. उपडा नाही, काठोकाठ भरलेला, वाफाळता. तो तिने मेजाच्या डाव्या कडेवर ठेवला.

“हो अनंत,” ती म्हणाली. “आता दाखवा.”

धाकूने स्वतःचा पेला त्याच्यासमोर आणून ठेवला. “हंय मी.”

सगळे मधुकरकडे बघू लागले. तो उठून बाहेर गेला नव्हता. बांकाच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. कमलाक्षी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मधू,” ती म्हणाली, “फांदी कोणाकच दिसाक नाय. तुका मी कधी काय म्हटलंय? तू कप्तान. तू दाखव.”

मधुकर मेजाशी आला. मधल्या पेल्यावर, म्हणजे स्वतःवर, त्याने बोट टेकवलं. “पास माझो,” तो म्हणाला. “मी हंयसून दिलंय. लांब गेलो जरा. मी म्हटलंय, गेलो हो फुकट. पण अंत्यान पकडलो.” त्याने बोट भरल्या पेल्याला लावलं आणि पेला पुढे ढकलला. चहा हिंदकळून मेजावर सांडला. “हो धाकू आडवो इलो. अंत्यान अशी हूल दिली...”

“आणि मी गेलंय त्या बाजूक!” धाकू म्हणाला. “शिवी घालूनच गेलो माझ्या पुढसून!”

“काय म्हणालो?” कमलाक्षीने विचारलं.

“आवय, तुमच्या पुढ्यात कशी सांगू?”

“सांग म्हणतंय मी!”

धाकूने सांगितली. कमलाक्षी पदर तोंडाशी धरून हसू लागली, डोळ्यांतलं पाणी खळेना तरी हसतच राहिली.

पेला पुढे गेला, वळला, पुन्हा सांडला. मधुकर सांगत होता. “गोलकीपर भायर इलो. अंत्यान मान वर करून बघितलानसुद्दा नाय. हंयसून...” आणि पेला पावाच्या टोपलीला टेकला.

कमलाक्षी वाट बघत उभी होती. कसली, ते बाबलीला समजलं. त्याने तोंड उघडलं. आवाज फुटला तो असा की तिठ्यावरचा बसवाला वळून बघू लागला. “अंत्याऽऽऽ!” त्याच्या पाठोपाठ सदाशिव ओरडला, मग सगळेच. पेडण्याचा धाकूही ओरडला.

आरोळी विरली आणि सदाशिवने नाक शिंकरलं. “पण गोल उजव्या पायान मारलो तेणी,” तो म्हणाला.

“चूक! साफ चूक!” बाबलीने मेजावर थाप मारली. “तू होतस खंय पेडण्यात?”

“डाव्या,” कमलाक्षी आत जाता जाता म्हणाली. “माझो डावोच तो.”

दुपारी सगळे पांगले. धाकू पुढच्या बसने लेकीकडे गेला. कमलाक्षीने पेले गोळा केले, विसळले, फळीवर पालथे घातले. मग ओलं फडकं घेऊन मेज पुसायला आली. डाव्या कडेपासून पावाच्या टोपलीपर्यंत चहाचा ओघळ गेला होता, मध्ये एके ठिकाणी वळलेला, एव्हाना वाळत आलेला. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं, अगदी टोकापर्यंत. मग तेवढी जागा सोडून बाकीचं मेज पुसून घेतलं.